प्रमाणपत्र : पत की नुसता कागद?

व्यापारात पत पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहारातून उभी राहते. नोकरीसाठी परगावी गेलेल्या मुलाला मात्र अनोळखी मालकापुढे ती कागदावर सिद्ध करावी लागते. प्रकल्प व्यवस्थापकांसाठी असा कागद म्हणजे ‘पीएमपी’. १९६९ साली अमेरिकेत स्थापन झालेली ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट’ ही संस्था १९८४ पासून हे प्रमाणपत्र देते. केवळ पाठांतरावर ते मिळत नाही. पदवीधरालाही परीक्षेपूर्वी प्रकल्प हाताळल्याचा काही वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पुढेही अध्ययन चालू ठेवून दर ३ वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. म्हणून पदवी हाती येताच शिकवणीवर्गाचे शुल्क भरण्याची घाई नको. प्रमाणपत्रामुळे अर्ज विचारात घेतला जातो. बढती मात्र ठरल्या मुदतीत, ठरल्या खर्चात तडीस नेलेल्या कामामुळेच मिळते. हुंडी कितीही सुबक अक्षरात लिहिली, तरी ती वटते पेढीच्या नावावर.