खिशातील दवाखाना : उपयोग किती, मर्यादा कोणत्या?

दहा वर्षांपूर्वी ज्या घरांत मोबाइल केवळ बोलण्यापुरता होता, तेथे आज आजी-आजोबा परदेशातील नातवंडांना रोज प्रत्यक्ष पाहतात. २०१४ च्या सुमारास आपल्या देशात एक जीबी डेटासाठी अडीचशे रुपयांहून अधिक मोजावे लागत. २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर स्पर्धा वाढली आणि २०१८ पर्यंत हा दर बारा रुपयांच्या आसपास उतरला. इंटरनेट असे खेड्यापाड्यांत पोहोचले आणि त्याच्यासोबत वैद्यकीय सल्लाही.

मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि पुढच्याच महिन्यात 'ई-संजीवनी'द्वारे घरबसल्या विनामूल्य सल्ला मिळू लागला. गुडघेदुखीमुळे जिना उतरणे कठीण झालेल्या किंवा तालुक्याच्या गावापासून दूर राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी ही मोठीच सोय आहे. रक्तदाब, मधुमेह अशा जुन्या विकारांचा पाठपुरावा, तपासणीचे अहवाल दाखवणे, औषधाच्या मात्रेविषयी शंका यांसाठी तिचा अवश्य लाभ घ्यावा.

सल्ला घेण्यापूर्वी

चालू असलेली सर्व औषधे समोर ठेवावीत. रक्तदाब व साखरेच्या अलीकडच्या नोंदी कागदावर लिहून घ्याव्यात. प्रकाश चेहऱ्यावर पडेल असे बसावे. शुश्रूषा करणाऱ्याने जवळ असावे, परंतु बोलू द्यावे रुग्णालाच; श्वास लागतो आहे का, शब्द अडखळतात का, हे डॉक्टरांना त्या बोलण्यातूनच कळते. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहावे. अमली व मनावर परिणाम करणाऱ्या वर्गातील औषधे दूरवैद्यकातून लिहून देण्यास मनाई आहे. झोपेच्या अनेक गोळ्या याच वर्गात येतात. तेव्हा त्यांचा आग्रह धरू नये.

येथे मोबाइल बाजूला ठेवा

छातीत दडपण, दरदरून घाम, अचानक धाप. तोंड वाकडे होणे, एका हातातील बळ जाणे, बोलणे अस्पष्ट होणे. डोक्याला मार लागून पडणे: अशा वेळी लक्षणे इंटरनेटवर शोधत बसू नये, व्हिडिओवर डॉक्टर मिळण्याची वाटही पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही मेंदूचा स्कॅन झाल्यानंतर. लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. रुग्णालयात पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

फिरते संदेश

दवाखान्यात मला सर्वाधिक काळजी वाटते ती 'अमुक काढा घ्या, गोळ्या कायमच्या बंद करा' अशा संदेशांची. रक्तदाब वाढलेला असला तरी बहुधा जाणवत नाही. त्यामुळे गोळी बंद केल्यावरही चार दिवस बरेच वाटते आणि संदेश खरा ठरल्याचा भास होतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी अशा रीतीने थांबवणे तर जिवावर बेतू शकते. संदेश कितीही विश्वासू माणसाकडून आला, तरी आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून औषधात बदल करू नये.

दुसरे भय फसवणुकीचे. पोलीस किंवा न्यायाधीश असल्याचे भासवून कोणी व्हिडिओवर 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगू लागल्यास फोन तत्काळ बंद करावा. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० वर तक्रार नोंदवावी. लाजेपोटी गप्प राहणाऱ्या ज्येष्ठांची झोप उडते, रक्तदाब चढतो. मुलांनो, अशा वेळी रागावू नका. तुमच्या रागाच्या भीतीने पुढची फसवणूकही ते लपवतील.

वाचकहो, या आठवड्यात एवढे करा : घरातील ज्येष्ठांच्या मोबाइलवरील अक्षरे मोठी करा, मराठीत बोलून शोध घेण्याची सोय त्यांना शिकवा आणि १०८, १९३० व आपल्या डॉक्टरांचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. मोबाइलची बॅटरी संपली, तरी तो कागद कामास येईल.