लिंबाचा मोहर आणि जुन्या घराची ईद

मार्च सरत आला की मराठवाड्यात लिंब फुलतो. कडुनिंबाला आपल्याकडे नुसते लिंबच म्हणतात. पान कडू, साल कडू, पण मोहराचा वास मात्र मधासारखा गोड. संध्याकाळी तो जास्तच दरवळतो. लातूरच्या गल्लीत, नांदेडच्या रस्त्यावर तो सगळ्यांनाच येतो. पण किल्लारी भागातून उठून आलेल्या घरातली एखादी दादी किंवा खाला त्या वासाने बोलता बोलता गप्प होते. तिला जुने घर आठवलेले असते.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि किल्लारी, मंगरूळ, सास्तूर अशी कितीतरी गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे झोपेतच गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली.

जुनी घरे कशी होती, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, लाकडी खांब आणि तुळया, वर मातीचे जड माळवद. दारातून आत आले की ढाळज, मग अंगण, आणि कित्येक अंगणांत लिंब. उन्हाळ्यात भिंती गार राहत. रात्री माळवदावर अंथरुणे पडत आणि सकाळी त्यांवर लिंबाची पांढरी फुले सांडलेली असत.

पण खरे ते सांगितलेच पाहिजे. जे माळवद उन्हाळ्यात सुख देत होते, त्याच्याच ओझ्याखाली माणसे दबली. मातीत रचलेले दगड एकमेकांना धरून राहिले नाहीत. म्हणून जुन्या घराची आठवण निव्वळ गोड नसते. ज्या अंगणात मूल रांगले, त्याच अंगणातून मय्यत उचललेली असते. लिंबाचा वास दोन्ही घेऊन येतो.

वासच का? पाहिलेले, ऐकलेले मेंदूत आधी एका मधल्या ठाण्यावरून जाते. वासाची वाट मात्र भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी जवळजवळ थेट जोडलेली आहे. नाक हजारो वास कसे ओळखते, हे उलगडणाऱ्या रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल मिळाले. आपल्याला ही गोष्ट दुसऱ्या वाटेनेही ठाऊक आहे. सूरह यूसुफमध्ये काफिला मिसरहून निघतो आणि दूर बसलेल्या ह. याकूब (अ.) यांना हरवलेल्या मुलाचा गंध जाणवतो. घरचे त्यांचे म्हणणे मानत नाहीत. खबर मात्र खरी निघते.

आपल्या घरांत या वासाला आणखी एक धागा आहे. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी अलीकडे सरकते आणि सगळे ऋतू फिरून सुमारे ३३ वर्षांनी जागेवर येते. त्यामुळे ईदचा वास ठरलेला नसतो. कधी तो पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा, कधी थंडीतल्या हुरड्याचा. मार्च १९९३ मध्ये गुढीपाडवा आणि ईदुल-फित्र एकाच आठवड्यात आले. शेजारी लिंबाचा मोहर गुळात कालवायचा, आपल्याकडे शीरखुर्मा शिजायचा, असे ते दिवस. जुन्या घरांतली ती शेवटची ईदुल-फित्र होती. त्यानंतर ३३ वर्षांनी, मार्च २०२६ मध्ये, पाडवा आणि ईद पुन्हा एकाच आठवड्यात. त्या साली पाळण्यात असलेली मुले आता स्वतः आई-बाप आहेत.

पुनर्वसनात जमिनीच्या हिशेबाने २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. ती मजबूत होती आणि त्यांची गरजही होती. पण मोकळ्या रानावर सरळ रेषेत आखलेल्या त्या वसाहतींत गल्लीबोळ राहिले नाहीत, कित्येकांचे पिढ्यांचे शेजारी लांब गेले. भिंती सरकार बांधून देऊ शकते. सावली, शेजार आणि मोहराचा वास मात्र माणसांनाच उभा करावा लागतो. कित्येकांनी नव्या दारात पहिल्या काही वर्षांतच लिंब लावला, तो उगाच नव्हे.

तेव्हा या चैत्रात दोन कामे करू या. लिंब फुलला की घरातल्या वडीलधाऱ्यांना झाडाखाली खुर्ची टाकून द्या आणि जुन्या घराबद्दल विचारा: ढाळजेत कोण बसायचे, ईदला पहिला वाडगा कोणाच्या घरी जायचा, कोण कोण गेले. मुलांना ते वहीत लिहायला सांगा. फोटो ढिगाऱ्यात गेलेल्या घरांत हीच वही अल्बमचे काम करील. त्यांना बोलवत नसेल, तर नुसते शेजारी बसा.

दुसरे काम, जागा असेल तिथे एक लिंब लावा. फार पाणी मागत नाही, चार-पाच वर्षांत फुलू लागतो. लिंबोळ्या पाखरे खातील, तोही सदका. आणि आपली नातवंडे कुठेही गेली तरी हा वास आला की त्यांना एक घर आठवेल.