लेखांक ५ : फाइल पुढे कोणाकडे जाणार?

गेल्या आठवड्यात संगणकाची ताकद पाहिली, आता व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरकडे वळू. बाजारात त्याची मांडणी दोन पायऱ्यांची असते: खाली घरगुती, वर व्यावसायिक, आणि वरच्या पायरीवर चढणे म्हणजे प्रगती. ही मांडणी मला चुकीची वाटते. फाइल आपल्या हातून पुढे कोणाकडे जाणार आहे, यावर निवड ठरायला हवी.

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातल्या कपड्यांच्या रील घ्या. हँगरवरचा टॉप, भाव विचारणारा आवाज, मग तोच टॉप अंगावर, असे पाच-सात तुकडे, सगळे उभ्या चौकटीत. जून २०२० मध्ये सरकारने ५९ अ‍ॅप बंद केली, त्यात टिकटॉकबरोबर विवा व्हिडिओ हे संपादनाचे अ‍ॅपही गेले. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील आणले. इनशॉट, व्हीएन, काइनमास्टर आणि २०२५ पासून इन्स्टाग्रामचे स्वतःचे एडिट्स एवढ्यांत या कामाची गरज भागते. चित्रण करणारी, कापणारी आणि टाकणारी व्यक्ती बहुधा एकच असते. तिच्या टाइमलाइनची दुसऱ्या कोणाला गरजच पडत नाही. शिवाय फोन बहुधा दर सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम टिपत नाही, वेग थोडा कमी-जास्त होतो. असे लांब फुटेज व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये टाकले की कधीकधी आवाज ओठांपासून सरकतो आणि ते आधी स्थिर वेगात बदलून घ्यावे लागते. तीस सेकंदांच्या रीलसाठी हा खटाटोप कशाला?

यावर पहिला आक्षेप दर्जाचा. तो निम्मा खरा आहे. कितीही जड फाइल चढवली तरी इन्स्टाग्राम ती पुन्हा दाबून लहान करते, त्यामुळे एक्सपोर्टमधली चैन वाया जाते. रंगाचे मात्र तसे नाही. पिवळ्या दिव्याखाली जांभळा कुर्ता तपकिरी दिसतो, आणि कॅमेरा फिरला की फोन आपणहून रंग बदलतो. तो सरकता रंग क्षणोक्षणी सावरायचा तर आलेख दाखवणारे सॉफ्टवेअर बरे. कपडाच विकायचा असेल तेव्हा हे महत्त्वाचे ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: दाविंची रिझॉल्व्ह हे व्यावसायिक सॉफ्टवेअर फुकट आहे, मग घरीही तेच का नको? ब्लॅकमॅजिक कंपनीने २००९ मध्ये ते बनवणारी दाविंची सिस्टिम्स विकत घेतली. त्याआधी ही यंत्रणा मोठ्या स्टुडिओंनाच परवडे. आज तिची मोफत आवृत्ती सेकंदाला ६० फ्रेमपर्यंतचे अल्ट्रा एचडी देते. पण वाचलेल्या पैशांची किंमत ग्राफिक्स कार्ड आणि शिकण्याचे तास वसूल करतात. संपादनावर पोट भरायचे असेल तर ते तास जरूर द्यावेत.

कारण व्यावसायिक संपादनात काम हातोहात फिरते. संपादकाकडून आवाजाकडे, रंगाकडे, कधी दृश्यपरिणामांकडे. प्रत्येक कापाची जागा पुढच्याला एक्सएमएल किंवा एएएफ फाइलमधून कळवावी लागते. अनेक संपादक एकाच प्रकल्पावर बसतात तिथे अ‍ॅव्हिड हे सॉफ्टवेअर अजून टिकून आहे ते याचसाठी. ‘पॅरासाइट’ हा २०१९ चा ऑस्करविजेता चित्रपट फायनल कट प्रो ७ वर कापला गेला. अ‍ॅपलने ते २०११ मध्येच थांबवले होते. जुन्या साधनाने काही अडले नाही, कारण त्यातून पुढच्या टप्प्यांकडे जाणारी वाट चालू होती.

सर्वांत जास्त फसगत मधल्या कामात होते, म्हणजे लग्नाच्या चित्रणात. दोन कॅमेरे, एक ड्रोन, चित्रण एकाचे, संपादन दुसऱ्याचे आणि वर्षभराने वधूपक्षाला एक प्रसंग बदलून हवा असतो. तेव्हा फक्त तयार चित्रफीत हाती असेल तर सारे पुन्हा कापावे लागते. म्हणून काम देतानाच मूळ फुटेज आणि प्रोजेक्ट फाइल परत मिळेल, हे लेखी ठरवून घ्यावे.