कॉलेज बास्केटबॉलचे अर्थकारण – लेखांक ९ : गोन्झागाचा वाटा

युनिटचा पैसा विद्यापीठाच्या हाती पडत नाही, तो कॉन्फरन्सकडे जातो. एनसीएए स्पर्धेत पुरुषांच्या संघाने खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे एक युनिट जमा होते. फक्त अंतिम सामना त्यात धरत नाहीत. युनिटची रक्कम सहा वर्षे येत राहते आणि कॉन्फरन्स ती सभासदांत वाटते. गेल्या लेखांकानंतर एका वाचकाने विचारले, की जिंकणारा एक आणि वाटेकरी अनेक, तर जिंकणारा त्या कॉन्फरन्समध्ये राहतोच का? या प्रश्नाचे उत्तर गोन्झागाच्या इतिहासात आहे. बिग ईस्टच्या फुटीची हकिकत त्यामुळे पुढच्या आठवड्यावर गेली आहे.

गोन्झागा हे वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅनचे जेझुइट विद्यापीठ. १९७९ मध्ये ते बिग स्काय सोडून आजच्या वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये आले. तिथले बहुतेक सभासद त्याच्यासारखेच लहान, खासगी, चर्चशी नाते असलेले होते. स्पोकॅनचाच जॉन स्टॉकटन १९८४ पर्यंत इथे खेळला. एनबीएतला सर्वाधिक असिस्टचा विक्रम आजही त्याच्या नावावर आहे, पण तो असताना गोन्झागाला एनसीएए स्पर्धा एकदाही गाठता आली नाही. पहिला प्रवेश मिळाला तो १९९५ मध्ये. एका असामान्य खेळाडूने कार्यक्रम उभा राहत नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

१९९९ मध्ये दहाव्या मानांकनाच्या गोन्झागाने मिनेसोटा, स्टॅनफर्ड आणि फ्लोरिडा यांना हरवून अंतिम आठांत धडक मारली. त्यानंतर प्रशिक्षक डॅन मॉन्सनला मिनेसोटानेच, म्हणजे पहिल्या फेरीत त्याच्याकडून हरलेल्या विद्यापीठाने, उचलून नेले. लहान कॉन्फरन्सच्या यशस्वी संघाची कहाणी एरवी इथेच संपते. गोन्झागाने मात्र सहायक मार्क फ्यूकडे सूत्रे दिली, त्याला टिकवले आणि पैसा ओतला. २००४ मध्ये सहा हजार आसनांचे मॅकार्थी सेंटर उभे राहिले, २०१८ मध्ये सरावासाठी स्वतंत्र व्होल्कर सेंटर आले. १९९९ नंतर संघाची एनसीएए वारी चुकलेली नाही. २०१७ आणि २०२१ मध्ये तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला.

खर्च एकट्याचा, युनिटे मात्र सगळ्यांची. त्यात आणखी एक अडचण होती. निवड समिती प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा पाहते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत कमकुवत संघांशी होणाऱ्या सामन्यांत विजयाने पदरात फारसे पडत नाही, पराभव मात्र महागात पडतो. म्हणून फ्यूचा संघ नोव्हेंबर-डिसेंबरात देशातल्या बलाढ्य संघांशी भिडत राहिला.

२०१८ मध्ये गोन्झागाने माउंटन वेस्टशी बोलणी सुरू केली, तेव्हा वेस्ट कोस्टला जाग आली. कॉन्फरन्सअंतर्गत सामने १८ वरून १६ झाले आणि युनिट मिळवणाऱ्या संघाचा त्यातला वाटा वाढला. वाचकाच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच : जाण्याची धमकी खरी वाटली, की राहण्याच्या अटी सुधारतात. समान वाटणीचे तत्त्व इथे मागे पडले हे खरे, पण तो निर्णय योग्यच होता. इतर सभासदांनाही त्यातून गुंतवणुकीचे कारण मिळाले.

तरीही गोन्झागा निघालेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने पॅक-१२ मध्ये जाण्याचे जाहीर केले. सदस्यत्व जुलै २०२६ पासूनचे. दहा सभासद सोडून गेल्यावर पॅक-१२ मध्ये ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढेच उरले होते, आणि त्या दोघांनी बास्केटबॉलसाठी दोन वर्षांचा आसरा घेतला होता तो वेस्ट कोस्टमध्येच.

या प्रवेशात एक गोष्ट वेगळी आहे. गोन्झागाने १९४१ नंतर फुटबॉल संघ उतरवलेला नाही. वरच्या श्रेणीतली मान्यता टिकवायला कॉन्फरन्सला फुटबॉल खेळणारे आठ सभासद लागतात आणि त्या मोजणीत गोन्झागा धरले जात नाही. बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरे पाच विद्यापीठे माउंटन वेस्टमधून घेतल्यावरही आकडा सातवरच अडला. आठवी जागा २०२५ मध्ये टेक्सस स्टेटला बोलावून भरावी लागली. गोन्झागाला घेतले ते निव्वळ बास्केटबॉलच्या बळावर.