तरंगत्या पायावरील उभ्या अक्षाच्या पवनचक्क्या

पवनचक्की म्हटली की उंच मनोऱ्याच्या माथ्यावर आडव्या अक्षाभोवती फिरणारी तीन पाती डोळ्यांसमोर येतात. अक्ष उभा ठेवून त्याभोवती पाती फिरविण्याची दुसरी योजना त्या मानाने अल्पपरिचित आहे. फ्रेंच अभियंते जॉर्ज दारियूस यांनी १९२५ साली तिच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. जमिनीवरील स्पर्धेत ही योजना मागे पडली. तथापि खोल समुद्राच्या संदर्भात तिचा पुनर्विचार होत आहे. तो कितपत सयुक्तिक आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

दारियूस चक्राच्या पात्यांचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. वारा कोणत्याही दिशेने आला तरी चक्र वळवावे लागत नाही आणि जनित्र तळाशी ठेवता येते. परंतु पाते व वारा यांमधील कोन प्रत्येक फेऱ्यात सतत बदलत असल्यामुळे पात्यावरील प्रेरणाही सतत बदलते. दोन पात्यांच्या चक्रात पीळ एका फेऱ्यात दोनदा वाढतो व दोनदा ओसरतो. परिणामी धातूला शिणवटा येतो. वाऱ्यातील ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्के भाग काढून घेता येतो, ही बेट्झ यांची मर्यादा सर्वपरिचित आहे. आडव्या अक्षाची उत्तम यंत्रे ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतात, तर दारियूस चक्र ४० टक्क्यांच्या आसपास राहते. कॅनडातील केबेक प्रांतात काप-शा येथे उभारलेले ‘एओल’ हे ९६ मीटर उंचीच्या चक्राचे यंत्र तळाचे बेअरिंग निकामी झाल्याने १९९३ साली कायमचे थांबले.

समुद्रात हिशेब बदलतो. पाणी सुमारे ६० मीटरपेक्षा खोल असले की तळावर पाया घालणे अतिशय खर्चाचे होते व यंत्र तरंगते ठेवावे लागते. नॉर्वेच्या किनाऱ्यापुढे २००९ साली ‘हायविंड’ हे २.३ मेगावॉटचे तरंगते यंत्र उभे राहिले. २०१७ साली स्कॉटलंडजवळ प्रत्येकी ६ मेगावॉटची पाच यंत्रे कार्यान्वित झाली. ही सर्व आडव्या अक्षाची असल्यामुळे त्यांचा जड भाग माथ्यावर असतो. अमेरिकेतील राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेचा ५ मेगावॉटचा प्रमाण-आराखडा घेऊ. त्यात चक्र व त्यामागील यंत्रपेटी यांचे वजन ३५० टन असून त्यांची उंची ९० मीटर आहे. यंत्र ५ अंशांनी कलले तर या वजनाचे उलथविणारे परिबल ३५० × ९० × ०.०८७, म्हणजे सुमारे २,७४० टन-मीटर होते. ते तोलण्यासाठी पाया मोठा व त्याचा तळ जड करावा लागतो आणि खर्चाचा फार मोठा वाटा तेथेच जातो. उभ्या अक्षाच्या यंत्रात जनित्र पाण्याच्या पातळीवर किंवा तिच्याखाली बसविता येते. मग तेच वजन स्थैर्यास साहाय्यक ठरते.

मात्र हा लाभ वाढवून सांगितला जाण्याचा संभव आहे. वरील आराखड्यात वाऱ्याचा रेटा कमाल सुमारे ८० टन असतो. त्याचे परिबल ७,२०० टन-मीटर, म्हणजे वजनाच्या परिबलाच्या अडीचपटीहून अधिक भरते. उभ्या अक्षाचे मोठे चक्रही उंचच असल्यामुळे हा भाग फारसा टळत नाही. शिवाय जनित्राचा प्रतिपीळ उभ्या अक्षाभोवती असल्यामुळे तरंगता पायाच फिरू पाहतो व त्यास नांगरदोरांनी आवरावे लागते. मिनिटाला ६ फेरे घेणाऱ्या दोन पात्यांच्या चक्रात पिळाचे आघात दर ५ सेकंदांनी होतात. समुद्राच्या लाटांचा आवर्तकालही बहुधा ५ ते १५ सेकंदांचा असतो. हे दोन ताल एकत्र आल्यास काय होईल, याचा विचार अभिकल्पात प्रथम झाला पाहिजे.

डेन्मार्कमधील रिसो प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखाली २०१० साली सुरू झालेल्या ‘डीपविंड’ प्रकल्पाने वेगळा मार्ग सुचविला. त्यात चक्र आणि त्याखालील लांब नळकांडे ही दोन्ही एकत्र फिरतात व भार पाणीच पेलते. पण पाण्याच्या घर्षणात काही ऊर्जा खर्ची पडते आणि प्रवाहात फिरणाऱ्या नळकांड्यावर आडवी प्रेरणा उत्पन्न होते. स्वीडनमध्ये लीसेशीलजवळ २०१५ साली ‘सीट्विर्ल’चे ३० किलोवॉटचे यंत्र समुद्रात उतरविण्यात आले. तेथपासून ५ मेगावॉटपर्यंतचे अंतर दीडशे पटींहून अधिक आहे.

तात्पर्य, केवळ चक्राच्या कार्यक्षमतेवरून या योजनेचा निकाल लावणे योग्य नाही. चक्र, पाया, नांगरदोर आणि दुरुस्ती या सर्वांसह वीज एकंदरीत किती दराने पडते, हीच खरी कसोटी होय. त्यांतही दुरुस्तीचा प्रश्न निर्णायक ठरावा. जमिनीवर, हाताशी असलेले एक बेअरिंग निकामी झाले आणि ‘एओल’ संपले. तोच भाग शंभर मीटर पाण्याखाली असेल तर तो कसा बदलावयाचा, याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत या योजनेचा पक्ष अपुराच राहील.