सोलापुरात काचेची खोली? आधी सूर्य कुठे असतो ते पाहा
थंड देशांतल्या घरांचे रील्स पाहिले की एक खोली हमखास दिसते. भिंती काचेच्या, छतही काचेचं, बाहेर बर्फ आणि आत कॉफी. सोलापुरातही गच्चीवर किंवा बाल्कनीत असं काही करावंसं वाटू शकतं. पण तिथे जी काच ऊब देते, तीच इथे खोलीची भट्टी करते.

ऊन काचेतून आत येतं, फरशी आणि सोफा तापवतं. तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र काच सहजासहजी बाहेर सोडत नाही आणि गरम हवाही कोंडते. उन्हात उभ्या कारचं दार उघडल्यावर येतो ना भपकारा, तोच हा.

त्यात सूर्याची जागा. लंडनमध्ये डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या काचेतून ऊन खोलीत खोलवर शिरतं. सोलापुरात मेच्या मध्याला तो थेट डोक्यावर येतो. पारा तेव्हा ४०च्या आसपास किंवा पुढेच. म्हणून सगळ्यात त्रासाचं काचेचं छत, त्यानंतर पश्चिमेची काच. जुन्या माळवदाच्या घरांत नेमकं उलट असायचं : वर मातीचा जाड थर, खिडक्या लहान.

हौस असेलच तर छत पक्कं ठेवा, काच उत्तरेला लावा, वरच्या झडपा उघडणाऱ्या घ्या. पडदा आतून लावून फारसं भागत नाही, तोवर ऊन आत आलेलं असतं. बांबूची चिक बाहेरून सोडलेली बरी.