विद्यार्थ्याची दिनचर्या आणि आपण

दिनचर्येचा उपदेश आपण रुग्णांना नित्य करीत असतो. परंतु उद्या हाच उपदेश ज्याने करावयाचा, त्या आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याची दिनचर्या कशी आहे, याची विचारपूस आपल्यापैकी किती जण करतात?

२०२२ च्या नियमावलीनुसार बी.ए.एम.एस.चा अभ्यासक्रम दीड-दीड वर्षाच्या ३ व्यावसायिक सत्रांचा व १ वर्षाच्या आंतरवासितेचा, म्हणजे एकूण साडेपाच वर्षांचा आहे. पहिल्याच सत्रात रचना शारीर, क्रिया शारीर, पदार्थविज्ञान, संस्कृत आणि संहिता हे सर्व विषय एकदम समोर येतात. अमरावती किंवा अकोल्यास शिकणारा दर्यापूरकडील मुलगा सुटीत गावी आला, की अनुभवासाठी कुणा वैद्यांकडे किंवा औषधालयात बसतो.

असाच एक विद्यार्थी आमच्याकडे येत असे. हुशार आणि कामसू. परीक्षा तोंडावर असूनही आम्ही त्यास रात्री नऊपर्यंत पुड्या बांधावयास बसवीत होतो. तो पुढे पहाटेपर्यंत वाचत असे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही विचारलेही नव्हते. एके दिवशी अम्लपित्ताच्या रुग्णासाठी अविपत्तिकराऐवजी त्याने हिंग्वाष्टकाच्या पुड्या बांधल्या. हिंगाचा वास आला म्हणून चूक वेळीच ध्यानी आली. चौकशी करता कळले, की तो ३ रात्री धड झोपला नव्हता. चूक त्याच्या हातून झाली. कारण मात्र आम्ही होतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, ८ व्या अध्यायात, अध्ययनाचा विधी आहे. पहाटे उठून, आन्हिक आटोपून, मन एकाग्र करून सूत्रांची आवृत्ती करावी. दुपारी, तिसऱ्या प्रहरी व रात्रीही हा क्रम खंडित होऊ देऊ नये. येथे सातत्यावर भर आहे, रात्रभर जागण्यावर नव्हे. त्याच संहितेत निद्रेची गणना ३ उपस्तंभांत केली आहे. सवय नसता जागरण घडल्यास त्याच्या निम्मा वेळ सकाळी उपाशीपोटी झोपावे, असे वाग्भटाचार्य सांगतात. झोपेत स्मरण दृढ होते, हे आधुनिक संशोधनही मानते.

म्हणून वेळेचे नियोजन ही एकट्या विद्यार्थ्याची जबाबदारी मानता येणार नाही. व्यवसायबंधूंनी व औषधालयाच्या मालकांनी पुढील ३ गोष्टी अवश्य कराव्यात:

१. विद्यार्थ्याच्या बसण्याची वेळ आधी ठरवावी आणि ती आपणही पाळावी.
२. परीक्षेपूर्वीचा १ महिना त्यास पूर्ण मोकळीक द्यावी.
३. रोज अर्धा तास एका रुग्णाविषयी किंवा एका द्रव्याविषयी त्याच्याशी चर्चा करावी. तद्विद्यसंभाषा हा चरकोक्त ज्ञानोपायच आहे; शिवाय दुकानात गेलेला वेळ अशा रीतीने अभ्यासातच जमा होतो.

आम्ही आता सायंकाळी सातनंतर विद्यार्थ्यास थांबवीत नाही. पुड्या आम्हीच बांधतो.